देवळालीचे कापरेकर गुरुजी आणि माझा चुकलेला प्रोग्रॅम

आधी एक कबुली देते. माझं शिक्षण बालवाडीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय होता, पण पास होण्यापुरता. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मला घामच फुटला. तरी ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात.

हा लेख दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्याबद्दल आहे. ६१७४ ही संख्या तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. मला मात्र कापरेकर भेटले ते माझ्या एका फजितीमुळे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तर झालं असं. २२ डिसेंबर म्हणजे रामानुजन यांचा जन्मदिवस, राष्ट्रीय गणित दिन. त्यानिमित्त विभागात छोटंसं प्रदर्शन होतं. मी सी भाषेत एक सोपा प्रोग्रॅम लिहिला. १ चा वर्ग १, ११ चा १२१, १११ चा १२३२१, असं करत नऊ एकांपर्यंत जायचं. शेवटची ओळ येते १२३४५६७८९८७६५४३२१. सगळ्या ओळी मधोमध छापल्या की देवळाच्या शिखरासारखं दिसतं. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, तिथे शिखर झकास उभं राहिलं. प्रदर्शनाच्या दिवशी मात्र सगळ्यांचे प्रोग्रॅम लॅबमधल्या विंडोजच्या मशीनवर चालवायचे ठरले. कंपाइल करताना एकही एरर नाही. पहिल्या पाच ओळी बरोबर. सहावी ओळ आली ती उणे ५३९२४७५६७. पुढे सगळा गोंधळ, आणि नवव्या ओळीत १६५३७३२५२९, म्हणजे सतरा अंकांच्या जागी दहाच. परीक्षक काही बोलले नाहीत, नुसते पुढच्या टेबलाकडे सरकले. तेच जास्त लागलं.

त्या शनिवारी मी गावी गेले. आमचं गाव वेल्हे भागात, तोरण्याच्या पायथ्याशी. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण घरी सगळे अजून वेल्हेच म्हणतात.) स्वारगेटहून एसटी, सातारा रस्त्याने चेलाडी फाटा, तिथून नसरापूर, आणि मग भोर तालुका सोडून आत आत डोंगरात. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्यात वाढलो, पण आजोबा गावीच असतात. भोर आणि वेल्हे, या दोन तालुक्यांत त्यांची जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतली सगळी नोकरी झाली. खरं सांगायचं तर शाळेत असताना मैत्रिणींना आजोबा काय करायचे हे सांगताना मी जरा अडखळायचे. कुणाचे आजोबा कर्नल, कुणाचे डॉक्टर, आणि माझे खेड्यातले गुरुजी.

चुकलेल्या प्रोग्रॅमचा प्रिंटआउट बॅगेत तळाशी होता. आजोबांनी तो काढला, चष्मा लावला आणि पेपर तपासावा तसा वरून खाली वाचत गेले. सहाव्या ओळीवर बोट थांबलं. कुठल्याही संख्येचा वर्ग उणे कसा येईल, एवढंच त्यांनी विचारलं. कंपायलर म्हणजे काय हे त्यांना माहीत नाही, पण चूक त्यांना दोन मिनिटांत सापडली. मी स्वतः सहाव्या ओळीपुढचं काहीच डोकं लावून पाहिलं नव्हतं, नुसती लाजले होते. मग ते म्हणाले की हे शिखर कापरेकरांचं आहे, आणि त्यांचं नाव तू कुठे लिहिलेलं दिसत नाही. मला अर्थातच ते माहीत नव्हतं. त्या रात्री अंगणात बसून त्यांनी मला कापरेकरांबद्दल सांगितलं, आणि उरलेलं मी नंतर लायब्ररीत वाचलं.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. आठ वर्षांचे असताना त्यांची आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. घरात अशी आकड्यांची संगत होती, आणि मुलाने त्यातलं भविष्य सोडून फक्त आकडे उचलले. माध्यमिक शाळा ठाण्याला झाली. तेव्हापासूनच कोडी सोडवण्यात आणि बेरजा-गुणाकारांच्या आडवाटा शोधण्यात ते तासन्तास घालवत.

१९२३ साली ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात आले. आपल्यासारखाच हा हॉस्टेलच्या वयाचा मुलगा होता. १९२७ मध्ये त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामाबद्दल रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. शिक्षण इथेच संपलं. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. तर दूरच. १९३० साली नाशिकजवळच्या देवळालीला ते शाळामास्तर म्हणून लागले आणि १९६२ साली तिथूनच निवृत्त झाले. बत्तीस वर्षं एकाच गावात खडू-फळा. बायोडेटा लिहायचा झाला तर तो एवढाच.

पण शाळा सुटल्यावर दुसरा दिवस सुरू व्हायचा. सायकलवरून शिकवण्यांना जायचं, नदीकाठी बसायचं, आणि डोक्यात संख्या फिरवत राहायचं. यंत्र नाही, कॅल्क्युलेटर नाही. आपण जे एका लूपमध्ये टाकून देतो ते सगळं त्यांनी हाताने केलं.

त्यांनी काय शोधलं ते थोडक्यात सांगते, कारण त्यातलं प्रत्येक तुम्हाला कँटीनच्या टिश्यू पेपरवर करून बघता येईल.

सगळ्यात प्रसिद्ध ६१७४. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तिथेच अडकता. हे त्यांना १९४९ साली सापडलं. आजोबांनी मला हे तोरण्याच्या सालावर करायला लावलं. शाळेत तोरण्याबरोबर पाठ केलेलं साल १६४६. ६६४१ वजा १४६६ म्हणजे ५१७५. पुढे ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४. बरोबर सात पायऱ्या, एकही कमी नाही. मग त्यांनी राज्याभिषेकाचं साल दिलं, १६७४. ७६४१ वजा १४६७, पहिल्याच पायरीला ६१७४! हा निव्वळ योगायोग आहे हे मलाही कळतं, पण तोरण्याच्या पायथ्याशी बसून ते करताना अंगावर काटा आला.

दुसरी हर्षद संख्या. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ गुणिले ३४३ म्हणजे ६१७४. हा प्रोग्रॅम मी पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये लिहिला होता. तेव्हा मला वाटलं, हर्षद नावाचे कुणी गृहस्थ असतील. हर्ष देणारी ती हर्षद, हे नाव कापरेकरांनी ठेवलं होतं. सबमिशनच्या रात्री मला हर्ष झाल्याचं आठवत नाही, ती गोष्ट वेगळी.

तिसरी स्वयंभू संख्या. १५ मध्ये तिच्या अंकांची बेरीज ६ मिळवली की २१ येते. म्हणजे १५ ही २१ ची जनक. पण काही संख्यांना जनकच नसतो. २० घ्या, कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून २० येत नाही. मी यंदा वीस वर्षांची आहे, म्हणजे सध्या मी स्वयंभू! हॉस्टेलमध्ये १०८, ११० आणि १२१ नंबरच्या खोल्यांत राहणाऱ्यांनीही कॉलर ताठ करायला हरकत नाही.

चौथी खुद्द कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज परत ४५. तसंच ९९ चा वर्ग ९८०१, तुकडे ९८ आणि ०१, बेरीज ९९. यातलं ते ०१ मधलं शून्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आणि पाचवं माझं शिखर. मुंबईपासून तीस मैलांवर तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेचं डेम्लो नावाचं स्टेशन होतं, म्हणजे आजचं डोंबिवली. तिथे कापरेकरांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनी नाव दिलं डेम्लो संख्या. १, १२१, १२३२१ ही त्यातली सगळ्यात देखणी मालिका. आज डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहायला जागा मिळत नाही, आणि एक माणूस तिथे उभा राहून नऊ एकांचा वर्ग करत होता.

या सगळ्याला त्या काळी मान मिळाला का? फारसा नाही. विद्यापीठातल्या अनेक गणितज्ञांना हे पोरखेळ वाटायचे. त्यात मोठी प्रमेयं नाहीत, अवजड चिन्हं नाहीत, आणि करणारा कोण, तर एक शाळामास्तर. त्यांचं बरंचसं लेखन लहानसहान नियतकालिकांत आलं, किंवा त्यांनी स्वतः छोट्या पुस्तिका छापून घेतल्या. गणिताच्या परिषदांना ते स्वतःच्या खर्चाने जात. मास्तरच्या पगारात हे कसं जमवलं असेल याचा विचार मी करते तेव्हा मला माझी प्रदर्शनातली फजिती अगदीच चिल्लर वाटते. लोक पुढच्या टेबलाकडे सरकतात हा अनुभव त्यांनी किती वर्षं घेतला असेल!

१९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं. गार्डनर यांचं सदर जगभर वाचलं जायचं. बघता बघता कापरेकरांचं नाव सगळीकडे झालं. तेव्हा त्यांचं वय सत्तर होतं आणि निवृत्त होऊन तेरा वर्षं उलटली होती. पेन्शन पुरत नव्हती म्हणून ते शिकवण्या करत होते. १९८६ साली देवळालीलाच ते गेले.

आता माझ्या प्रोग्रॅमकडे येते, कारण कापरेकर समजल्यावरच मला तो नीट समजला.

सी भाषेत व्हेरिएबल म्हणजे एक डबा. पण कुठला डबा किती मोठा, हे भाषा पक्कं सांगत नाही. ती फक्त किमान माप सांगते. लाँग हा डबा किमान ३२ बिटांचा हवा, एवढाच नियम. ६४ बिटांच्या लिनक्सवर तो ६४ बिटांचा असतो, विंडोजवर ३२ बिटांचा. दोघंही नियमाने बरोबर आहेत. ३२ बिटांत सर्वांत मोठी संख्या मावते ती २१४७४८३६४७, म्हणजे दोन अब्ज चौदा कोटी आणि थोडी वर. पाच एकांचा वर्ग १२३४५४३२१ तिच्यात बसतो. सहा एकांचा वर्ग १२३४५६५४३२१ बसत नाही, वरचे बिट सांडतात आणि उरलेल्याचा अर्थ मशीन उणे असा लावते. आपले सीनियर ज्या टर्बो सी वर शिकले त्यात इंट १६ बिटांचा होता, मर्यादा ३२७६७. तिथे चारच एकांना शिखर कोसळलं असतं.

मग मी लाँगच्या जागी लाँग लाँग लिहिलं, तो सगळीकडे किमान ६४ बिटांचा असतो. तरी सहाव्या ओळीला तोच उणे आकडा! कारण प्रिंटएफला मी अजून पर्सेंट-एल-डी असंच सांगत होते. डबा मोठा झाला, पण छापणाऱ्याला त्यातलं अर्धंच वाचायला सांगितलं होतं. आणि इथे अजून एक भानगड आहे. नव्या कंपायलरना पर्सेंट-एल-एल-डी चालतं, तर विंडोजवरच्या जुन्यांना पर्सेंट-आय-सिक्स्टीफोर-डी लागायचं. म्हणजे डब्याचं माप एक आणि त्याची नावं दोन. यावर १९९९ च्या सी मानकाने तोडगा काढला. इंटटाइप्स हे हेडर घ्यायचं, व्हेरिएबल इंट-सिक्स्टीफोर-टी असं मापासकट जाहीर करायचं, आणि छापताना पीआरआय-डी-सिक्स्टीफोर हा मॅक्रो वापरायचा. प्रत्येक कंपायलर त्याचा आपल्याला कळेल तो अर्थ लावतो. आपण नेमकं किती मोठं काय छापतोय हे स्पष्ट सांगायचं, डबा आपोआप मोठा असेल असं गृहीत धरायचं नाही.

पण मला जास्त आवडली ती दुसरी युक्ती, कारण ती कापरेकरांची वाटते. छापणारं फॉरमॅट भरवशाचं नसेल तर संख्या एक अब्जाने भागा. भागाकार आधी छापा, बाकी त्याला लागून छापा. १२३४५६७८९८७६५४३२१ चे तुकडे होतात १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. दोन्ही ३२ बिटांत मावतात, आणि असे तुकडे कुठलाही कंपायलर साध्या लाँगच्या फॉरमॅटने बरोबर छापतो. फक्त बाकी छापताना नऊ घरं भरलीच पाहिजेत, कमी पडली तर पुढे शून्यं द्यायची. नाहीतर ९८०१ चे ९८ आणि १ होतील, आणि जोडून छापलं तर ९८१! ते ०१ मधलं शून्य कापरेकरांनी कधी सांडू दिलं नाही.

आणि ६४ बिटही पुरले नाहीत तर? तेव्हा मोठमोठ्या लायब्ऱ्यासुद्धा शेवटी तेच करतात, जे देवळालीच्या फळ्यावर आणि वेल्ह्याच्या पाट्यांवर होत होतं. संख्येचे तुकडे ओळीने मांडायचे आणि हातचा पुढे न्यायचा. कागदाला बिटांची मर्यादा नसते.

सुधारलेला प्रिंटआउट घेऊन मी सुट्टीत पुन्हा गावी गेले. यावेळी वर नाव टाकलं होतं, डेम्लो संख्या, द. रा. कापरेकर. आजोबांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य. सतरावं घर मध्य. त्यापुढे फक्त परार्ध. मिलियन-बिलियनवर वाढलेली मी, मला अब्जाच्या पुढचं एकही नाव येत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, दहा एकांचं काय होतं? मी नऊवरच लूप थांबवला होता, कारण शिखर तिथपर्यंतच सुंदर दिसतं. त्यांनी कालनिर्णयचं जुनं पान उलटं केलं आणि पेन्सिलीने आडवा गुणाकार मांडला. मी लॅपटॉप उघडला. मधल्या घरात बेरीज दहा येते, तिथून हातचा निघतो आणि दोन घरं पुढे जाऊन थांबतो. डावीकडचा आठ नाहीसा होतो, मध्ये दोन शून्यं येतात. माझं उत्तर आधी आलं. त्यांचं यायला सात-आठ मिनिटं लागली. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली नाही, त्यांचं होईपर्यंत थांबले.

दोन्हीकडे १२३४५६७९००९८७६५४३२१ होतं. एकोणीस अंक, म्हणजे परार्धाच्याही पलीकडचं घर.

त्यांनी माझ्या प्रिंटआउटवर लाल पेनने बरोबरची खूण केली, वहीवर करायचे तशीच. तो कागद सध्या माझ्या खोलीत टेबलासमोर चिकटवलाय. कुणाला शिखर बघायचं असेल तर जरूर यावं. प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर देईन, आता तो लॅबमधल्या मशीनवरसुद्धा चालतो. फक्त दहाव्या ओळीचा गुणाकार आधी कागदावर करून आणायचा, एवढी अट आहे.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी